फवारा जिथे पोचत नाही

रात्री पाणी प्यायला उठावं, स्वयंपाकघरातला दिवा लावावा आणि ओट्यावरची तीन-चार झुरळं सर्रकन फटीत शिरावीत, हा अनुभव बहुतेकांना आलेला असतो. मग कपाटातला फवारा बाहेर येतो. ओट्याखाली, सिंकमागे, कोपऱ्याकोपऱ्यात भरपूर मारला जातो. सकाळी पाच-सहा झुरळं उताणी पडलेली दिसतात, जिवाला बरं वाटतं. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, आणि या वेळी बारकी पिल्लं जास्त.

फवारा चांगला नव्हता, शेजारून झुरळं आली, अशी कारणं आपण शोधतो. कधी ती खरीही असतात. पण बहुतेक वेळा गोम वेगळीच असते. घरात राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक किड्याच्या आयुष्यात एक अशी अवस्था किंवा जागा असते, जिथे आपला फवारा पोचतच नाही. झुरळाची ती अंड्यांच्या कुपीत असते, ढेकणाची गादीच्या शिवणीत, मुंग्यांची वारुळात बसलेल्या राणीपाशी, डासाची कोरड्या पिंपाच्या कडेला आणि टोक्याची तर थेट दाण्याच्या पोटात. ती जागा कळली की पुढे काय करायचं हे बरंचसं उलगडतं. ती न कळता केलेली फवारणी वाया जाते आणि घरातली माणसं, त्यातही जमिनीलगत खेळणारी लहान मुलं, उगाच विष हुंगत राहतात. हा लेख लिहिण्यामागे मुख्यतः ती काळजी आहे.

झुरळांपासूनच सुरुवात करू. घरात दिसणारी झुरळं साधारण दोन प्रकारची, आणि दोघांचा इलाज वेगळा. मोठं, तांबूस तपकिरी, साडेतीन-चार सेंटिमीटरचं झुरळ अमेरिकन म्हणून ओळखलं जातं. त्याचं खरं घर गटारात, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये. तिथून ते मोरीच्या जाळीतून, नळांच्या भोवतीच्या भोकांतून वर येतं. त्याच्यासाठी घरभर औषध मारत बसण्यापेक्षा मोरीला बारीक जाळी बसवणं, पाइप भिंतीत शिरतो तिथली पोकळी सिमेंटने बुजवणं आणि न वापरातल्या मोरीत अधूनमधून पाणी ओतून तिचा ट्रॅप, म्हणजे पाणी साठून राहणारा पाइपचा बाक, भरलेला ठेवणं जास्त उपयोगी. एखादंच मोठं झुरळ दिसलं म्हणजे घरात वस्ती झाली असं समजायचं कारण नाही.

खरा त्रास देतं ते छोटं, फिकट तपकिरी, दीड सेंटिमीटरचं झुरळ. डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या रेघा असतात, त्यावरून ते ओळखू येतं. याला जर्मन झुरळ म्हणतात. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७६७ साली त्याला हे नाव दिलं, पण त्याचा उगम जर्मनीतला नाही. २०२४ साली सहा खंडांतल्या १७ देशांमधल्या झुरळांचे डीएनए तपासून प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ही जात सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात एका जंगली आशियाई झुरळापासून वेगळी झाली आणि माणसाच्या सामानाबरोबर जगभर पोचली. आज ती माणसाच्या इमारतींबाहेर टिकत नाही. म्हणजे हे झुरळ अंगणातून घरात आलेलं नसतं. ते पिशवीतून, खोक्यातून, जुन्या फ्रिजमधून किंवा लागून असलेल्या घरातून येतं आणि इथेच वाढतं.

याची मादी एका कुपीत ३० ते ४० अंडी घालते. इतर अनेक झुरळांच्या माद्या कुपी कुठेतरी चिकटवून निघून जातात, ही मात्र ती जवळजवळ पिल्लं बाहेर येईपर्यंत पोटाला लावूनच हिंडते. हिंडते असंही म्हणता येणार नाही, कारण कुपी लागलेली मादी फारसं खात-पीत नाही आणि बराचसा काळ फटीत दडून राहते. कुपीचं कवच इतकं चिवट की बहुतेक कीटकनाशकं आतल्या अंड्यांपर्यंत जात नाहीत. आता पहिला प्रसंग पुन्हा आठवा. त्या रात्री फवाऱ्याने मेली ती उघड्यावर फिरणारी झुरळं. फटीतल्या माद्या राहिल्या, त्यांच्या कुप्या फुटल्या आणि तीन आठवड्यांनी ओट्यावर पिल्लं आली. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण दोन महिने पुरतात.

फवाऱ्याचा दुसरा तोटाही आहे. घरगुती फवाऱ्यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात मिळणाऱ्या पायरेथ्रिन या द्रव्याच्या धर्तीवर ती प्रयोगशाळेत बनवली गेली. किड्याच्या मज्जातंतूंमधली सोडियमची दारं ती उघडीच ठेवतात, त्यामुळे किडा थरथरतो, उलटतो, मरतो. पण झुरळांना या औषधाचा उपद्रव जाणवतो आणि मार थोडा कमी पडला की ती आणखी आत, विजेच्या बोर्डात, चौकटीमागे, शेजारच्या खोलीत सरकतात. शिवाय अनेक ठिकाणच्या झुरळांमध्ये या औषधांना न जुमानणाऱ्या पिढ्या तयार झाल्या आहेत. बंद खोलीत लावून ठेवायचे धुराचे डबे, म्हणजे फॉगर, तर झुरळांसाठी मी सुचवणारच नाही. त्यातलं औषध उघड्या पृष्ठभागांवर बसतं, जिथे माणसं हात लावतात. फटींमध्ये ते नगण्य पोचतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरांमध्ये फॉगर वापरून पाहिले, झुरळं कमी झाली नाहीत आणि जमिनीवर, ओट्यावर कीटकनाशकाचे अंश मात्र वाढले.

मग करायचं काय? झुरळाला त्याच्याच दाराशी विषारी जेवण वाढायचं. बाजारात मिळणारं जेल म्हणजे तेच. फिप्रोनिल, इंडोक्साकार्ब अशा औषधांचं हे जेल खाऊन झुरळ लगेच मरत नाही. ते फटीत परत जातं, तिथे त्याची विष्ठा पडते, काही वेळा तिथेच ते मरतं. बारकी पिल्लं मोठ्यांची विष्ठा खाऊन जगतात, मेलेलं झुरळही खाल्लं जातं. असं विष आपला हात पोचत नाही तिथपर्यंत झुरळंच घेऊन जातात. म्हणूनच याचा उपयोग होतो.

जेल लावताना एकाच जागी गोळा ठेवू नका. मोहरीएवढे थेंब पुष्कळ ठिकाणी लावा: कपाटांच्या बिजागऱ्यांजवळ, ड्रॉवरच्या मागच्या कोपऱ्यात, फ्रिजच्या मोटरीजवळ, सिंकखालच्या पाइपाभोवती, मिक्सर आणि शेगडीच्या मागे. झुरळाला पाठ आणि पोट दोन्ही कशाला तरी टेकलेली आवडतात, म्हणून अर्ध्या सेंटिमीटरच्या फटी ही त्याची सर्वांत लाडकी जागा. आणि जेल लावलं तिथे फवारा अजिबात मारायचा नाही, वासाच्या फिनेलने पुसायचंही नाही. तसं केलं तर झुरळ जेलच्या जवळ फिरकत नाही. अनेकजण दोन्ही एकदम करतात आणि जेलला दोष देतात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघा, संपलेले थेंब परत लावा, कारण तोवर कुप्या फुटलेल्या असतात.

जेलही कायमचं हमखास नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांच्या लक्षात आलं की ग्लुकोज असलेलं आमिष काही ठिकाणची झुरळं तोंडात घेऊन सोडून देतात. २०१३ साली त्याचं कारण उलगडलं. त्या झुरळांच्या जिभेवर, खरं तर तोंडाच्या केसांवर, ग्लुकोज कडू लागायला लागलं होतं. गोड खाणारी मेली, कडू लागणारी उरली, त्यांचाच वंश वाढला. म्हणून एका कंपनीच्या जेलला झुरळं तोंड लावेनाशी झाली तर वेगळ्या औषधाचं, वेगळ्या आमिषाचं जेल आणा. तेच जास्त लावून काही होणार नाही.

आणि पाणी. जर्मन झुरळ अन्नाशिवाय काही आठवडे काढतं, पण पाण्याशिवाय ते फार दिवस टिकत नाही. गळका नळ, सिंकमध्ये रात्रभर साचलेलं पाणी, ओलं फडकं, फ्रिजखालचा पाण्याचा ट्रे. रात्री निजण्यापूर्वी ओटा आणि सिंक कोरडं पुसणं हा कंटाळवाणा उपाय आहे, पण यामुळे जेलचं काम खूप सोपं होतं. भांडी खरकटी ठेवली तर झुरळाला जेल खायचं कारणच उरत नाही. झुरळांची विष्ठा आणि टाकलेली कात यांतली प्रथिनं दमा असलेल्या मुलांना चांगलाच त्रास देतात, म्हणून वस्ती मोडल्यावर त्या फटी ओल्या कापडाने स्वच्छ करायला विसरू नका.

ढेकणांविषयी लिहिताना पहिली गोष्ट सांगायला हवी ती लाजेची. घरात ढेकूण झाले की माणसं कुणाला सांगत नाहीत, पाहुणे टाळतात, आणि तोवर ढेकूण दुसऱ्या खोलीत जातात. ढेकणाचा अस्वच्छतेशी संबंध नाही. त्याला फक्त माणसाचं रक्त हवं असतं, आणि ते चकचकीत घरातही मिळतं. प्रवासातली बॅग, जुनी विकत घेतलेली खुर्ची, कुणाकडून आलेली गादी यांतून तो येतो. ढेकणांमुळे माणसाला रोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. खाज, खाजवून होणाऱ्या जखमा आणि गेलेली झोप हाच त्याचा छळ, आणि तो काही कमी नाही.

पूर्ण वाढलेला ढेकूण मसुरीच्या दाण्याएवढा, चपटा, तांबूस असतो. दिवसा तो दिसणार नाही. गादीच्या शिवणीत, पलंगाच्या सांध्यांत, डोक्याकडच्या फळीमागे, स्क्रूच्या भोकांत टॉर्च मारून बघा. शाईचे बारीक ठिपके पडावेत तशी काळी विष्ठा, टाकलेल्या काती आणि मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी दिसली की खात्री झाली. अंगावरच्या गांधींवरून मात्र ठरवू नका. एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाच्याच अंगावर गांधी उठतात, असं पुष्कळदा होतं.

ढेकणाच्या पिल्लाला पाच वेळा कात टाकावी लागते आणि दर वेळी त्याआधी एकदा रक्त प्यावं लागतं. पण उपाशी राहण्याची त्याची ताकद जबरदस्त, कित्येक महिने. म्हणून खोली पंधरा दिवस बंद ठेवून काही साधत नाही. दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नका हेही त्यामुळेच. ढेकूण श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांचा माग काढत तिकडे येतील आणि आता दोन खोल्या बाधित होतील. औषधाचा भरवसाही मर्यादित. डीडीटी हे कीटकनाशक आलं तेव्हा ढेकूण संपणार असं वाटलं होतं, पण १९४७ सालीच हवाईत डीडीटीने न मरणारे ढेकूण सापडले. आज पायरेथ्रॉइडची तीच गत आहे.

ढेकणाकडे ज्याचं उत्तर नाही अशी गोष्ट म्हणजे उष्णता. ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास ढेकूण आणि अंडी दोन्ही लगेच मरतात. ४८ अंशांना मोठे ढेकूण वीसेक मिनिटांत मरतात, पण अंड्यांना तासाहून जास्त लागतो. चादरी, अभ्रे, कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवा किंवा ड्रायरमध्ये सर्वांत गरम सेटिंगवर अर्धा तास फिरवा. धुण्याजोगे कपडे नेताना पिशवीचं तोंड बांधून न्या, नाहीतर वाटेत ढेकूण सांडत जाल. गादी उन्हात टाकण्याने मात्र फसगत होते. वरचा कपडा तापतो, ढेकूण खालच्या सावलीच्या बाजूला किंवा आतल्या शिवणीत सरकतात आणि संध्याकाळी गादीबरोबर घरात परत येतात. कपडे वाफवायच्या यंत्राची वाफ शिवणींवरून अगदी सावकाश फिरवली तर तिचा उपयोग जास्त होतो.

त्यानंतर पलंगाचं बेट करायचं. पलंग भिंतीपासून दूर, चादर जमिनीला न टेकलेली, गादीला चेन असलेलं बंद कव्हर, आणि चारही पायांखाली गुळगुळीत कडेच्या वाट्या. खालून येणारा ढेकूण वाटीत पडतो आणि किती उरलेत हे रोज कळतं. उष्ण प्रदेशात आढळणाऱ्या ढेकणाच्या जातीच्या पायांवर चिकटायला जास्त केस असतात आणि तो गुळगुळीत कडही चढू शकतो, त्यामुळे वाट्या रिकाम्या दिसल्या म्हणून निर्धास्त होऊ नका. अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, तेव्हा हा सगळा खटाटोप दर आठवड्याला, सलग दीड-दोन महिने करावा लागतो. ढेकणांचा त्रास जुना झाला असेल तर व्यावसायिक माणसाला बोलवा. ढेकणांवर एकट्याने लढताना लोक हताश होऊन रॉकेल, शेतातली औषधं, वाटेल ते गादीवर ओततात. तसं कृपा करून करू नका. त्याच गादीवर रात्री अंग टाकायचं असतं.

मुंग्यांचं तुलनेने सोपं. रांगेतली मुंगी वाटेवर वासाची खूण सोडते, मागची ती हुंगत येते. रांग फवारून मारली तर बाहेर पडणाऱ्या थोड्या कामकरी मुंग्या मरतात. राणी वारुळात अंडी घालतच असते. शिवाय काही बारीक पिवळसर मुंग्यांच्या वारुळात अनेक राण्या असतात, आणि फवारा लागला की एका वारुळाची चार होतात. साबणाच्या पाण्याने वाट पुसा म्हणजे खूण जाते. मुंग्या हटतच नसतील तर १०० मिलिलिटर पाण्यात १ ग्रॅम बोरिक ॲसिड आणि १० ग्रॅम साखर विरघळवून कापसाचा बोळा भिजवा आणि रांगेजवळ झाकणात ठेवा, मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाही अशा जागी. दोन दिवस मुंग्या जास्तच दिसतील, पुसून टाकू नका. औषध जास्त घालण्याचा मोहही टाळा. तीव्र झालं तर कामकरी मुंगी घरी पोचण्याआधीच मरते आणि राणीच्या तोंडी काहीच पडत नाही.

डासांपैकी डेंग्यू पसरवणारा एडिस दिवसा चावतो आणि घरातल्याच स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंडीखालची ताटली, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, पिंप, गच्चीवरचं टायर. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करायची. पण नुसतं पाणी ओतून उपयोग नाही. एडिसची मादी अंडी पाण्याच्या पातळीच्या वर, ओलसर कडेला चिकटवते आणि ती कोरडी पडूनही काही महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरलं की अळ्या तयार. कडा घासायला हव्यात.

धान्यातले टोके कुठून येतात हा प्रश्न नेहमी पडतो, डबा तर घट्ट बंद होता. ते बाहेरून आलेले नसतात. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक लिंपून टाकते. अळी आतला गर खात वाढते, महिन्याभराने किडा दाणा फोडून बाहेर येतो. म्हणजे विकत आणताना स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यांतच तो असू शकतो. चाळून, पाखडून मोठे किडे जातात, दाण्यातले राहतात. थोड्या धान्यासाठी उत्तम उपाय म्हणजे पिशवी चार दिवस डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना ठेवणं, मग कोरडं करून डब्यात भरणं. पुष्कळ असेल तर कडकडीत वाळवणं, आणि जुन्या तळाशी नवं न मिसळणं.

इथे एक गोष्ट अगदी ठासून सांगतो. गोदामात धान्याला लावायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणू नका, एकही नाही. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपलेली माणसं मारतो. त्यावर उतारा नाही.

कसर म्हणून आपण निरनिराळ्या किड्यांना एकच नाव देतो. चंदेरी, निमुळता, पंख नसलेला किडा पुस्तकांची खळ आणि कागद खातो आणि त्याला दमट हवा लागते. कपाट भिंतीपासून हलवून हवा खेळती केली की तो कमी होतो. लोकरी-रेशमी कपड्यांना भोकं पाडते ती एका पतंगाची अळी, आणि तिला घामाचे, खाण्याचे डाग लागलेला कपडा जास्त आवडतो. धुऊन, वाळवून, बंद पिशवीत ठेवलेल्या कपड्याला डांबर गोळ्यांची गरज क्वचितच पडते. गोळ्या वापरायच्याच असतील तर घट्ट बंद पेटीत ठेवा, मोरीत किंवा उघड्या कपाटात नाही. जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या नवजात बाळांना डांबर गोळ्यांतल्या नॅप्थॅलिनमुळे रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते, त्यामुळे बाळाचे कपडे त्यात कधीच ठेवू नयेत. घरात मांजर असेल तर आणखी एक: कुत्र्यासाठी असलेलं परमेथ्रिनचं गोचीड-औषध मांजराला लावलं तर ते दगावू शकतं, कारण त्याच्या यकृताला ते द्रव्य नीट मोडता येत नाही.

वाळवी हे घरी करण्याचं काम नाही. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, लाकूड ठोकल्यावर पोकळ वाजलं, किंवा पावसाळ्याच्या सुरुवातीला दिव्याखाली पंख गळून पडलेले दिसले, तर नळी थोडी मोडून ठेवा आणि दोन दिवसांनी बघा. पुन्हा बांधली असेल तर वाळवी जिवंत आहे. वरून औषध मारून दिसणारी वाळवी जाते, पण वसाहत बहुधा जमिनीत असते आणि तिथे माणूस, ड्रिल आणि योग्य औषध लागतं. तोवर गळती तेवढी थांबवा, ओलं लाकूड तिला सर्वांत प्रिय.

पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलंत तर काम सुरू होण्याआधी काही गोष्टी विचारा. औषधाचं नाव काय? कंपनीचं नको, आतल्या द्रव्याचं, डब्यावर लिहिलेलं असतं. खोली किती तास बंद ठेवायची, मुलं आणि प्राणी कधी आत येऊ शकतात, भांडी झाकायची की धुवायची? किडा नेमका कोणता आहे हे त्यांनी बघितलं का, की दारातूनच फवारायला सुरुवात केली? आणि झुरळं किंवा ढेकूण असतील तर दुसरी फेरी कधी? एका फेरीत काम होईल असं सांगितलं, तर अंड्यांचं काय करणार आहात, तेवढं विचारा.